तोंड डोंगराकडे, शेपूट समुद्राकडे

मी एक जुना पत्र्याचा कोंबडा आहे. हसू नका, मित्रांनो. मला आरवता येत नाही हे खरं. पण मला कापून खायचं कुणी मनात आणलं, तर त्याचेच दात पडतील हेही तितकंच खरं. भाजीच्या गोदामाच्या छपरावर, एका लोखंडी दांड्यावर मी उभा असतो. वारा जिकडून येतो तिकडे माझी चोच वळते. एवढंच माझं काम. पण हे एवढंसं काम मी जन्मभर इमानाने केलं आहे, आणि त्यात कुणी खोट काढलेली मला खपत नाही.

माझा जन्म एका आगीनंतर झाला. त्या वेळी इथे जुनं गोदाम होतं. मक्याची कणसं काढून झाली की उरलेली वाळकी धाटं शेतातच जाळायची, असा इथला रिवाज. एका शेतकऱ्याने भलत्या वेळी धाटं पेटवली, वारा गोदामाच्या दिशेने होता, आणि बघता बघता गोदाम राख झालं. शेजारची घरं थोडक्यात वाचली. मग सगळे शेतकरी एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलं, की यापुढे वारा बघितल्याशिवाय कुणीही काडी लावायची नाही. वारा सगळ्यांना दिसावा म्हणून मी.

जळक्या छपरातला एक पत्रा जरा बऱ्या अवस्थेत उरला होता. पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराने तो ठोकून सरळ केला आणि कात्रीने कापायला घेतला. त्या भल्या माणसाने तोवर डबे आणि बादल्याच केल्या होत्या. कोंबडा म्हणजे त्याच्या हाताला नवीन. शेपटीला तो जरा जास्तच उदार झाला. काही लोक अजून मला मोर म्हणतात. म्हणोत बापडे. शेपूट मोठी असल्यामुळेच वारा तिला धरून मला फिरवू शकतो, हे त्यांना कुठे ठाऊक? सायकलच्या चाकातले छर्रे घालून त्याने मला दांड्यावर असं बसवलं, की नुसत्या झुळकीनेही मी गर्रकन वळायचो.

छपरावरून मला काय दिसतं ते सांगतो. समोर समुद्र. पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना डोंगर. मधे आमचं खोरं: मका, कोबी, टोमॅटो, बटाट्याची शेतं, मातीचे रस्ते, कौलारू आणि पत्र्याची घरं. मागच्या डोंगरातून एक घाटरस्ता वर चढतो आणि पलीकडच्या गावाला जातो. खोऱ्याला उघडी बाजू म्हणाल तर एकच, समुद्राची.

गोदामाला लागून आबांचं घर. आबा म्हणजे आमच्या खोऱ्यातले सगळ्यांत वडीलधारे शेतकरी. गोदामाच्या दारात एक घंटा टांगलेली होती, आणि ती वाजवायचा मान आबांचा. कापणीनंतर, थंडीच्या दिवसांत, ते सकाळी ओट्यावरून उतरायचे, टोपी मागे सारून वर माझ्याकडे बघायचे. माझं तोंड डोंगराकडे असलं, म्हणजे वारा डोंगरातून येऊन समुद्राकडे चालला असला, की ते घंटा वाजवायचे. मग शेताशेतांतून धूर उठायचा आणि माझ्या शेपटीच्या दिशेने, घरांना न शिवता, समुद्रावर निघून जायचा. आबांची घंटा झाल्याशिवाय कुणाची हिंमत नव्हती काडी ओढायची.

तेव्हा माझा काय थाट होता, मित्रांनो. सकाळी शेतावर जाणारा प्रत्येक माणूस मान वर करायचा. “कोंबडा काय म्हणतो?” हा इथला रामरामच होऊन बसला होता. त्या आगीनंतर पुन्हा एकही घर जळलं नाही. पुढे मोबाइल आले आणि लोक खिशातून वारा काढून बघू लागले. माझं नाक, म्हणजे चोच, चांगलीच खाली झाली. पण धाटं जाळायच्या दिवशी मात्र सगळ्यांची नजर माझ्यावर आणि आबांवरच असायची.

आता तुम्हाला ऋतूंबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही.

पावसाळ्यात आमच्याकडची हवा धुऊन निघते. माझ्या अंगाला गंज चढतो, पण पलीकडच्या डोंगरावरचं एकेक झाड मोजता येतं. उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून जोरदार वारा सुटतो. तो नांगरलेल्या शेतांची धूळ उचलतो आणि घाटावरून पलीकडच्या गावात नेऊन टाकतो. तिकडची माणसं आमच्या नावाने बोटं मोडतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. पण खरी गोम थंडीत असते. थंडीत डोंगरावरची गार हवा ओघळत खाली येते आणि खोऱ्याच्या तळाशी बसून राहते. गार हवा जड. तिच्यावर उबदार हवेचा थर पसरतो, आणि तो थर पातेल्यावरच्या झाकणासारखा असतो. चुलीचा धूर सरळ वर जातो, एका उंचीवर अडतो आणि तिथून आडवा पसरतो. मी हे कितीतरी थंड्या बघत आलो आहे.

आणि दिवसभरात वारा फिरतो. सकाळी तो डोंगराकडून समुद्राकडे जातो. ऊन चढलं, जमीन तापली, की दुपारी उलटा येतो. माझी चोच डोंगरावरून निघते आणि समुद्रावर येऊन थांबते. थंडीत हा वारा दुबळा असतो. डोंगर ओलांडून जायची त्याच्यात ताकद नसते. तो येतो, डोंगराला टेकतो आणि तिथेच थांबतो.

सकाळी समुद्रावर गेलेला धूर कुठे गेला, हे कुणी विचारलंच नव्हतं. दुपारी माणसं माझ्याकडे बघतच नसत. काम सकाळी झालेलं असायचं, दुपारी जेवून सगळे आडवे व्हायचे. मी आपला समुद्राकडे चोच करून उभा. समोरून पाण्यावरची तपकिरी पट्टी हळूहळू मोठी होत यायची. संध्याकाळी घराघरातून खोकल्याचे आवाज यायचे आणि माणसं म्हणायची, थंडी बाधली.

आबांना एक नात होती. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी ठरतच नसे. तिचे वडील, म्हणजे आबांचा मुलगा, टेम्पो चालवायचे. खोऱ्यातली भाजी घाटापलीकडच्या बाजारात न्यायचे. आई गोदामात टोमॅटो निवडायची. भिंगरी गोदाम आणि ओटा यांच्या मधल्या अंगणात दिवसभर हुंदडायची. मी कोंबडा आहे आणि मोर नाही, हे न सांगता ओळखणारी ती एकटीच. माझा तिच्यावर जीव होता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, विचारलंही नव्हतं कुणी.

थंडी आली की भिंगरीची छाती भरायची. आबा म्हणायचे, गार पाणी प्यायली असेल. आई म्हणायची, अनवाणी फिरते. गरम कपडे झाले, काढे झाले, वाफारे झाले. पावसाळ्यात पोर पुन्हा ठणठणीत, म्हणून सगळे विसरून जायचे.

ज्या थंडीबद्दल मी सांगतो आहे, त्या थंडीत मका उदंड पिकला होता. म्हणजे धाटंही उदंड. एका सकाळी माझं तोंड डोंगराकडे होतं. आबांनी घंटा वाजवली, आणि एवढी शेतं एकदम पेटली की समुद्राची कड दिसेनाशी झाली. दुपारी मी फिरलो. ऊन कलायला लागलं तेव्हा समोरची शेतंही मला दिसेनात. अंगणात भिंगरी खेळता खेळता खाली बसली. आधी वाटलं, दमली. मग तिने दोन्ही हात जमिनीवर टेकले. तिचे खांदे वरखाली होत होते, पण हवा काही आत जात नव्हती. तिची आई टोमॅटोने माखलेले हात तसेच घेऊन धावली. आबांची तर पाचावर धारण बसली. आबांच्या मुलाने टेम्पोतले क्रेट भराभर खाली ओतले, तिघं तिला घेऊन आत बसले, आणि टेम्पो त्या धुरात दिसेनासा झाला.

मित्रांनो, मला एका दांड्यावर खिळलेलं आहे. मी समुद्राकडे तोंड करून उभा होतो आणि मागे वळून बघूही शकत नव्हतो. वाराच मला वळू देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आबा एकटेच परत आले. गोदामात शेतकरी जमले होते. उरलेली धाटं पेटवायला सगळे घंटेची वाट बघत होते, आणि माझं तोंड नेहमीसारखं डोंगराकडे होतं. आबा घंटेपाशी गेले आणि तिथे नुसते उभे राहिले. कुणीतरी पोरीची चौकशी केली. आबा म्हणाले, ती बरी आहे. मग ते जे बोलले ते मी छपरावरून शब्दन् शब्द ऐकलं.

“घाट अर्धा चढलो आणि एकदम लख्ख ऊन लागलं. पोरीचा श्वास तिथेच मोकळा व्हायला लागला, डॉक्टरकडे पोचायच्याही आधी. मी मागे वळून बघितलं, तर खोरं नाहीच. नुसता तपकिरी धूर, काठोकाठ. सकाळी मी घंटा वाजवून समुद्रावर धाडला होता तो. घरी परत आला होता.”

आबांनी पुढचंही सांगितलं. पलीकडच्या गावच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की औषध मी देते, पण थंडीत या मुलीला खाली खोऱ्यात ठेवू नका. असा दुसरा झटका तिला झेपेलच असं नाही. म्हणून भिंगरी आता मावशीकडे राहणार होती, पलीकडच्या गावात. तिची आईही तिच्याबरोबर. थंडी संपेपर्यंत, आणि दर थंडीत.

“हवा बदलली तर पोर घरी येईल,” आबा म्हणाले. “नाही बदलली तर नाही येणार. मी आता घंटा वाजवणार नाही.”

तुम्हाला वाटेल, झालं, सगळ्यांचे डोळे उघडले. छे हो. माणसं हळहळली, पण शेतात धाटं तशीच उभी होती आणि कोबीची लावणी तोंडावर आली होती. आमच्याकडे सगळ्यांत मोठं कोबीचं शेत ज्यांचं, त्यांना सगळे कोबीवाले काका म्हणतात. ते म्हणाले, “आबा, पोरीचं वाईट वाटतं हो. पण धाटं काय डोक्यावर घेऊन नाचू?”

पुढच्या थंडीत तर आणखीच वाईट झालं. घंटा वाजत नाही म्हटल्यावर जो तो आपल्या सोयीने काडी लावू लागला. कुणी सकाळी, कुणी भर दुपारी, कुणी संध्याकाळी. पूर्वी निदान माझ्याकडे बघून पेटवायचे. आता वर बघणारी एकही मान राहिली नाही. मला तेल घालायचंही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. छर्रे गंजले. वारा आला की मी किरकिरत अर्ध्यावर अडकायचो, आणि मग धक्का खाऊन पुढे सरकायचो. कावळे माझ्या शेपटीवर बसून काय काय करून जायचे ते सांगण्यासारखं नाही. त्या थंडीत आबांच्या ओट्यावर दोनच माणसं जेवायला बसायची, आबा आणि त्यांचा मुलगा. दोघेही भराभर जेवायचे आणि आपापली ताटं उचलायचे.

पण आबांनी एक केलं. नुसतं गप्प बसून भागत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी धाटांचे तुकडे करणारं यंत्र भाड्याने आणलं. आपल्या शेतातली सगळी धाटं बारीक करून घेतली आणि तो चुरा मातीवर पसरला. चुरा करण्यात वेळ गेला, लावणी उशिरा झाली, आणि त्यांचा कोबी बाजारात सगळ्यांच्या मागून गेला. लोकांनी तोंडावर पदर आणि रुमाल धरून हसून घेतलं. आबा म्हणाले, हसा, पण उन्हाळ्यात माझ्या शेतात येऊन माती हातात घेऊन बघा.

उन्हाळ्यात खरंच काहीजण गेले. चुऱ्याखालची माती ओलसर होती. पाणी कमी लागत होतं. आणि दुपारचा वारा सुटला तेव्हा सगळ्या खोऱ्यातून धूळ उठली, आबांच्या शेतातून मात्र नाही. ते मी स्वतः वरून पाहिलं. पुढच्या कापणीला काही घरांनी मिळून यंत्र आणलं. त्याच्या पुढच्या कापणीला जवळजवळ सगळ्यांनी. कोबीवाले काका तेवढे कुरकुरत होते. यंत्र त्यांच्याही शेतात गेलं, पण हे सगळं आबांच्या हट्टापायी चाललं आहे, असं ते दहाजणांना ऐकवत होते.

त्या थंडीत आबांच्या मुलाने मला खाली उतरवलं, घासलं, छर्रे बदलले. वर चढवताच मी इतका झरकन फिरलो, की तो शिडीवरून पडता पडता वाचला.

आणि एका सकाळी टेम्पो घाट उतरून आला, आणि त्यातून भिंगरी उतरली. थंडीच्या दिवसांत ती घरी आली होती. केवढी उंच झाली होती! तिने आधी अंगणाला एक फेरी मारली, मग वर माझ्याकडे बघून हात हलवला. डॉक्टरीणबाईंनी थोडे दिवस राहून बघा म्हटलं होतं. काही त्रास झाला तर लगेच परत.

दुपारी मी समुद्राकडे फिरलो. आबा ओट्यावर बसले होते. ते एकदा माझ्याकडे बघायचे, एकदा भिंगरीकडे. सून म्हणाली, जरा पडा आता. आबा म्हणाले, पडतो, वारा फिरला आहे, थोडा वेळ बघू दे. समोर पाणी स्वच्छ होतं. तपकिरी पट्टी नव्हती.

आणि तेवढ्यात समुद्राकडच्या बाजूने, कोबीवाल्या काकांच्या शेताच्या टोकाकडून, धुराची एक बारीक रेघ निघाली.

ती वर गेली, अडली, आडवी झाली आणि सरळ आमच्याकडे यायला लागली. माझी चोच तिच्याकडेच होती. अंगणात भिंगरी खोकली. एकदाच. पण तिच्या आईचा चेहरा उतरला. ती आत गेली, आणि खिडकीतून मला दिसलं, की सकाळी सोडलेल्या पिशवीत ती पोरीचे कपडे पुन्हा भरायला लागली आहे. आबा उठले नाहीत. ते त्या रेघेकडेच बघत राहिले.

पण आसपासच्या शेतांतली माणसंही तो धूर बघत होती. कुणी फावडं घेऊन धावलं, कुणी बादली. त्यांनी माती टाकून आग विझवली आणि कोबीवाल्या काकांना पुढे घालून सगळे गोदामासमोर आले. काकांच्या हातात फावडं होतं. बांधावरचा थोडा वाळका पाला होता, ते म्हणाले. एवढ्याशा कोपऱ्याने काय होतं, आबा?

आबा काही बोलायच्या आत भिंगरी पुढे आली. तिने तोंडावर रुमाल धरला होता. एकदा दारातून दिसणाऱ्या पिशवीकडे, एकदा आबांकडे बघून तिने विचारलं, “आजोबा, मी इथे राहू का?”

आबांचे डोळे भरून आले. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“ते माझ्या हातात नाही गं, राणी. ह्यांना विचार.”

भिंगरी वळली. समोर सगळे उभे होते, कुणाच्या हातात बादली, कुणाचे पाय मातीने भरलेले. तिने रुमाल खाली घेतला आणि त्यांच्याकडे बघून तेच पुन्हा विचारलं. “मी इथे राहू का?”

मित्रांनो, मी वादळं पाहिली आहेत. पण एवढी माणसं अशी एका पोरीपुढे माना खाली घालून उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. कोबीवाल्या काकांनी फावडं भिंतीला टेकवून ठेवलं. ते तिच्यापुढे उकिडवे बसले. “राहा, बाळा,” ते म्हणाले.

मी आता म्हातारा झालो आहे. मला थोडं तेल द्या, अधूनमधून घासून काढा, एवढी माझी माफक इच्छा आहे. पण दुसरं मागणं मोठं आहे. तुमचा धूर, तुमची धूळ तुमच्या अंगणातून निघाली म्हणजे संपली, असं समजू नका. वारा ती कुणाच्या तरी दारात नेऊन ठेवतो. तिथे एखादी पोर छातीवर हात धरून तुम्हाला विचारत असते, की मी इथे राहू का. वारा कुठून येतो, ते मी सांगेन. तिला उत्तर मात्र तुम्हालाच द्यायचं आहे.